सीटखालचा गुलाल

घट बसले की आमच्या गल्लीत झेंडू आणि शाम्पू यांचा वास एकदम येतो. शाम्पू माणसांचा नव्हे, गाड्यांचा. पाऊस मागे सरलेला असतो, उन्हाला धार आलेली असते आणि दारोदारी कोणीतरी पाइप धरून उभं असतं. फेस उताराने वाहत येतो आणि माझ्या पायरीशी साचतो. दसऱ्याला दारात गाडी पाहिजे म्हणून ज्यांनी नवी बुक केली आहे ते शोरूमला रोज फोन करतात. ज्यांना जुनी घ्यायची आहे ते चार माणसं घेऊन वणवण फिरतात. या दिवसांत इतरांना आपट्याची पानं आठवत असतील, उपासाची खिचडी आठवत असेल. मला वाळलेल्या चिखलाचा वास आठवतो.

पायरीवर बसलं की समोरच्या बाजूला, जरा खालच्या अंगाला, शांतूअण्णा चौगुल्यांची राखाडी गाडी दिसते. रंग फिका पडला आहे, एका दाराला पोचा आहे. पण सकाळी अण्णा चावी फिरवतात आणि ती पहिल्याच झटक्याला सुरू होते. गल्लीत त्या आवाजाचं कुणाला काही वाटत नाही. मी मात्र हातातला कप खाली ठेवतो. माझ्या शब्दाप्रमाणे ती गाडी केव्हाच बंद पडायला हवी होती. तो शब्द मला मागे घ्यायचा आहे. माझी ऐंशी जवळ आली आहे आणि अण्णांचीही फार लांब नाही. दोघांपैकी एक जण गेल्यावर तो मागे घेण्यात काही अर्थ राहणार नाही.

कोल्हापुरात जुनी गाडी बघायला कोणी एकटा जात नाही. मुलगी बघायला जातात तसे पाच जण जातात. एक घेणारा, एक चालवून बघणारा, दोघे नुसतेच, आणि एक ‘बघणारा’. तो बघणारा मी होतो. मी मेकॅनिक नव्हे. बॉनेट उघडलं तर आत इंजिन आहे एवढंच मला कळतं. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत गेटवर टाइमकीपर होतो. दुसऱ्याचं कार्ड पंच करणारा, जेवणाच्या डब्यातून पितळेचे तुकडे नेणारा, आजारी असल्याचं सोंग करणारा, यांना चालण्यावरून ओळखणं हे माझं काम. नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. घरात सुनेवर चालवली असती तर घर मोडलं असतं. म्हणून गाड्यांवर चालवली.

बघणाऱ्याने जागेवर बोलायचं नसतं. मालकाच्या दारात त्याच्या गाडीला नावं ठेवणं शोभत नाही. त्यासाठी आमच्या मंडळींत चहाची रीत पडली होती. मालकाकडून चहा यायचाच. बघणाऱ्याने कप उचलला की गाडी पास. “नको, आत्ताच झालाय” म्हणाला की बाकीचे समजायचे, दोन गोष्टी पावसापाण्याच्या बोलायचे आणि उठायचे. कुणाचा अपमान नाही, वाद नाही. रीत चांगली होती. मोडली ती मीच.

लोक गाडीत काय बघतात, हे मी इतकी वर्षं बघत आलो. म्हणतात ते एक आणि बघतात ते दुसरं. कागलकडचा एखादा शेतकरी दहा वेळा मायलेज विचारतो, पण त्याचा डोळा बॉनेटवर असतो. ही सासुरवाडीच्या दारात उभी राहिली तर मेव्हण्याचं तोंड कसं होईल, याचा हिशेब तिथे चाललेला असतो. तरुण पोरं पिकअप, ग्रिप, ब्रेक असे शब्द टाकतात आणि शेवटी सायलेन्सरचा आवाज ऐकून पाघळतात. लाल रंग, रुंद टायर, छताला काच. काच कशाला, तर मिरवणुकीत वर उभं राहायला. रोजच्या वापराची गाडी घेणारा वेगळा. त्याला डिकीत वैरणीचा भारा बसायला पाहिजे, गावच्या वेशीतल्या गतिरोधकाला गाडीचं पोट घासायला नको, आईचा गुडघा न दुखता तिला बसता यायला पाहिजे, आणि बिघडली तर हाकेच्या अंतरावर मिस्त्री पाहिजे. खरं बघतात त्या घरातल्या बायका. त्या मागच्या सीटवर बसतात, दार ओढून घेतात आणि पदर दारात अडकतो का ते बघतात. त्यांना कोणी विचारत नाही.

आणि घेणारा कोणीही असो, शेवटची परीक्षा एकच. पाच माणसं बसवायची आणि जोतिबाचा डोंगर चढवायची. धापा न टाकता चढली तर गाडी. घेतल्यावर पुन्हा तिथेच न्यायची, चांगभलं म्हणायचं आणि गुलाल उधळायचा. त्यामुळे आमच्याकडच्या प्रत्येक गाडीच्या सांदीत कुठे ना कुठे गुलाबी रेघ असते. कितीही धुवा, राहतेच. हे मला माहीत होतं. गाडी बघणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

त्या मोठ्या पुराच्या वर्षी पाणी उतरल्यावर शहरभर एकच वास भरून राहिला होता. गाद्या, धान्य, पुस्तकं, सगळ्याला एकच वास. त्यानंतरचं नवरात्र संशयाचं होतं. बुडालेल्या गाड्या धुऊन, वाळवून, नवी कार्पेट घालून विकायला येताहेत अशी बोलवा उठली, आणि थोडी खरीही होती. एका पांढऱ्या गाडीचा सीटबेल्ट मी पार शेवटपर्यंत ओढून काढला तर आतल्या भागावर पाण्याची तपकिरी रेघ. मी चहा नाकारला. दुसऱ्या एका गाडीत अत्तराचा फारच घमघमाट होता. तिथेही नाकारला, आणि पुढे ती रस्त्यात बंद पडलेली लोकांनी पाहिली. झालं. सकाळी दात घासतानाच लोक दारात यायला लागले. “तात्या, जरा चला की.” बायको म्हणायची, “देवीपेक्षा तुमच्याच दर्शनाला गर्दी हाय.” ती चेष्टा करायची, पण मला ते गोड लागायचं. खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदाच लोक माझ्या नजरेला भिऊन पळत नव्हते, तिला मागे लागून नेत होते.

अशात एका सकाळी सर्जेराव आला. माझा तालमीतला जुना जोडीदार.

“तात्या, शांतूअण्णा गाडी विकायला काढतोय, मी घ्यावी म्हंतोय. घरातलीच गाडी हाय म्हणायची. पण तू एकदा बघ.”

शांतूअण्णांची गल्लीच्या तोंडाला डेअरी होती. मूळचे नृसिंहवाडीकडचे, घरची शेती आणि म्हशी भावाकडे, इथे दुधाचा धंदा. त्यांना गाडी विकून दुधाचे कॅन आणायला छोटा टेम्पो घ्यायचा होता. आम्ही गेलो तेव्हा कट्ट्यावरची सगळी मंडळी मागोमाग आली, कारण मी गाडी बघणं हा आता खेळ झाला होता.

“बघ की तात्या,” अण्णा हसत म्हणाले. “लपवायला काय न्हाय.”

लपवायला काही नाही असं जो आपणहून म्हणायचा, त्याचा डबा आम्ही गेटवर आधी उघडायचो. माझं मन तिथेच कडू झालं. मी चष्मा लावला, डबी पुढच्या सीटवर टाकली आणि डिकी उघडून खालची चटई उचलली. बोटांना चिखल लागला. वाळलेला, पापुद्रे सुटलेला, नदीचा. मी तो नाकाशी नेला. तोच वास.

सीटबेल्ट ओढून बघायचा होता. नट-बोल्टांचा गंज बघायचा होता. ते मी काहीच केलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला थांबवेना. एवढ्यात सुमतीवहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. ‘आत्ताच झालाय’ म्हणालो असतो तरी पुरे होतं. पण मी मोठ्यानं म्हणालो, “शांतू, गाडीनं पाणी प्यालंय तुझ्या. मी न्हाय चहा प्यायचा.”

कट्टा खदखदून हसला. वहिनी ट्रे धरून तशाच उभ्या राहिल्या.

“पाण्यात गेलीच न्हाय गाडी,” अण्णा म्हणाले. “माणसं आणली हिच्यातनं, सामान आणलं लोकांचं...”

“असंच म्हंत्यात सगळी,” मी म्हणालो, आणि पुन्हा हशा झाला.

निघताना लक्षात आलं, चष्म्याची डबी पुढच्या सीटवर राहिली आहे. घ्यायला वाकलो तर ती घसरून सीटखाली गेली. मी हात घातला. डबी मिळाली, आणि हात बाहेर आला तो मनगटापर्यंत गुलाबी. सीटखाली जोतिबाचा गुलाल होता. पिठासारखा कोरडा, मोकळा, फुंकला तर उडेल असा. चैत्रातला असणार. पाणी सीटपर्यंत सोडा, नुसतं गाडीत शिरलं असतं तरी तो गुलाल तसा राहिला नसता. मागच्या चिखलाला दुसरं काहीतरी कारण होतं, आणि ते कारण अण्णांनी आत्ताच माझ्या तोंडावर सांगितलं होतं.

मी हात रुमालाला पुसला आणि मित्रांबरोबर चालायला लागलो. घरी बायकोने रुमाल बघून विचारलं, “जोतिबाला गेलतासा व्हय?” मी व्हय म्हणालो.

गाडी विकली गेली नाही, हे तर झालंच. पण बोललेला शब्द गाडीपाशी थांबला नाही. तो घसरत डेअरीत गेला. आधी थट्टाच होती. “अण्णा, आज पंचगंगा किती घातलीसा?” मग कोणीतरी म्हणालं, गाडीतलं पाणी दडवणारा दुधातलं सांगतोय व्हय? माणसं एकेक करून पलीकडच्या डेअरीत जायला लागली. आमच्या घरचं दूध मीच बंद केलं, तेही पहिल्या आठवड्यात. चालू ठेवलं असतं तर लोकांना माझाच संशय आला असता. पुढे कधीतरी डेअरीचं शटर उघडायचं थांबलं. कुणी घालवलं नाही, कुणी भांडलं नाही. एका मोबाइलवाल्याने जागा घेतली. अण्णांकडे राखाडी गाडी तेवढी राहिली.

त्याच दिवाळीत भाऊबीजेला मी आक्काकडे गेलो. माझी थोरली बहीण नदीकाठच्या पेठेत राहायची. तिचं घर पार बुडालं होतं. ओवाळून झाल्यावर ती कौतुकाने म्हणाली, “तुझ्या गल्लीतला तो डेअरीवाला देवमाणूस हाय बघ. पाणी चढायला लागलं तवा तुझा फोन लागंना, म्हणून त्याला केलता. माझं शिलाई मशीन डिकीत घालून नेलं त्यानं. चिखल गळत हुता. म्हटलं, अण्णा, गाडी घाण हुतीया. तर म्हणाला, धुतली की जातंय.”

मी उरलेली करंजी ताटात ठेवली. तो चिखल माझ्या बहिणीच्या घरातला होता. मी ओवाळणी टाकली आणि लवकर निघालो. वाटेत ठरवलं, आज कट्ट्यावर सांगायचं. कट्ट्यावर पोचलो तर कोणीतरी परगावच्या पाहुण्याला माझ्याकडे बोट करून सांगत होतं, “वासावर गाडी धरतोय ह्यो मानूस.” मी बसलो आणि पाहुण्याला नमस्कार केला.

त्यानंतर किती दसरे गेले. संध्याकाळी सगळी गल्ली एकमेकांना सोनं देते. अण्णा मलाही देतात. पान हातावर ठेवतात, हाताला हात लागू देत नाहीत.

यंदा माझ्या नातीला, मधुराला, गाडी घ्यायची होती. ती गोकुळ शिरगावला एका कंपनीत नोकरीला आहे. तिला पळणारी गाडी पाहिजे.

“परवा बघितली मी आजोबा. लाल हाय. जुनी हाय, पण काय पळतीय!”

“रोज कंपनीत जायला पळणारी कशाला?”

“हंगामात उसाची ट्रॉली मागनं कधी बघितलासा? दोन-दोन डबे, दिवा न्हाय. तिला ओलांडायला गाडीत दम लागतोय.”

उत्तर बरोबर होतं, म्हणून मला त्याचाही संशय आला. हायवेवरच्या जुन्या गाड्यांच्या एका यार्डात आम्ही गेलो. विकणारा तरुण मला बघून उठलाच. “या तात्या! अवो, ह्यांनी पुराची गाडी नुसत्या वासावर धरल्याली!” मधुराने अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. तीच गोष्ट. माझ्या नावावर एवढी एकच गोष्ट जमा आहे, आणि तीच खोटी.

मी तिथे सगळं केलं, जे तेव्हा केलं नव्हतं. बेल्ट शेवटपर्यंत ओढला. बोल्ट बघितले. स्टेपनीखाली हात घातला. सीटखालीही घातला, गुलाबी रेघ होती. गाडी चांगली हाय, असं मी मधुराला सांगितलं. गाडी इतकी खाली की आत बसताना जमिनीवर मांडी घालावी तसं वाटलं. मधुराने ती जोतिबाच्या डोंगराला घातली. वळणावर गाडी रस्त्याला चिकटून जात होती आणि ती गुणगुणत होती. अर्ध्या घाटात मी म्हणालो, “मधुरा, शांतूअण्णांची गाडी पुराची नव्हती.”

मी सगळं सांगितलं. गुलाल, रुमाल, आक्काचं मशीन. तिचं गुणगुणणं थांबलं.  वर पोचल्यावर तिने गाडी लावली आणि समोरच बघत म्हणाली, “म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी ठावं हुतं.”

“व्हय.”

“आणि माझ्या मैत्रिणी घरी आल्या की तुम्ही तीच गोष्ट सांगत हुतासा.”

मी बेल्टचं बक्कल सोडलं.

“मग आता ही गाडी चांगली हाय म्हणालासा. त्यावर तरी मी विश्वास ठेवू का नको?”

त्याच संध्याकाळी मी कट्ट्यावर गेलो. सर्जेराव होता, बाकीचे होते. बसलो नाही, उभ्यानेच सांगितलं. शांतूची गाडी पाण्यात गेली नव्हती, सीटखाली कोरडा गुलाल होता, मला तेव्हाच कळलं होतं.

 एक जण डोळा मिचकावून म्हणाला, “तात्याची नात गाडी बघतीया म्हणं. शांतूचीच घ्यायची ठरलीया जणू!”

“म्हातारपणी पुण्य गोळा करायलाय,” दुसरा म्हणाला.

सर्जेराव हसला नाही. “तुझ्या शब्दावर मी शांतूशी बोलणं टाकलं मर्दा. आज म्हंतोस गुलाल हुता. उद्या म्हणशील हळद हुती. तुझं कंचं खरं धरायचं?”

एकालाही पटलं नाही. जे माझ्या एका वाक्यावर शांतूअण्णांना खोटं समजले, ते माझी दहा वाक्यं ऐकायला तयार नव्हते. मला राग आला, आणि मग आपल्याला राग का यावा याचाही संशय आला. मी खरं सांगायला गेलो होतो की शाबासकी घ्यायला?

खंडेनवमीला सकाळी अण्णा गाडी धूत होते. मी पायरी उतरलो आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. शब्दावर तर कुणाचा विश्वास नव्हता. पण चहाची रीत सगळ्यांना माहीत होती.

“शांतू, चहा सांग.”

त्यांनी पाइप बंद केला नाही. “तवाच सांगितलता. निवून गेला त्यो.”

“सीटखाली गुलाल हुता शांतू. मी बघितला हुता त्या दिवशी.”

“मला ठावं हाय.”

अण्णांनी पाइप चाकावर धरला.

“तुझा हात मनगटापतोर गुलाबी झालता,” ते म्हणाले. “रुमालाला पुसलास. मी दारातनं बघत हुतो की.”

“मग तू का बोलला न्हाईस?”

“तू बोलशील म्हणून.” त्यांनी नळ बंद केला. “म्हटलं, चार लोकांत चुकलाय, सांजंला येऊन सांगील. मग म्हटलं दसऱ्याला सांगील. दूध बंद केलास तवा थांबायचं सोडलं.”

  मी जायला वळलो तेव्हा मागून त्यांनी हाक मारली, पण मला नव्हे. “सुमती, एक कप टाक.”

वहिनींनी चहा आणला, माझ्याकडे न बघता. घरात या कुणी म्हणालं नाही. अण्णांनी कप घेतला आणि ओल्या बॉनेटवर ठेवला. “पी.”

कट्ट्यावर माणसं बसली होती. मी कप उचलला आणि त्यांना दिसेल असा, उभ्याने, घोट घोट प्यालो. अण्णा फडक्याने आरसा पुसत राहिले. चहा पिशवीच्या दुधाचा होता. ज्या घरातून अख्ख्या गल्लीला दूध जायचं, त्या घरात आता पिशवीचं दूध येतं.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं देता देता सर्जेराव माझ्या कानाशी आला. “मग? चहा झाला म्हणं. कितीला ठरली?”

मी म्हणालो, ठरली नाही, त्याला विकायचीच नाही. त्याने मान डोलावली, म्हणजे काय ते कळलं अशी. माझं बोलणं संपलं आणि रीतही संपली. म्हणून आता हे लिहून देतो आहे. वाचणाऱ्याने माझ्यावर संशय घ्यावा, मी तो कमावलेला आहे. पण एवढं माझ्या सहीने राहू दे. शांतिनाथ चौगुल्यांची गाडी कधी पाण्यात गेली नव्हती. त्यांच्या दुधातही पाणी नव्हतं.